क्लेम हेझलवुडची घामेजली बोटं

टास्मानियातल्या ओटलंड्स गावात क्लेम हेझलवुडइतकं छान कुत्र्याला शिकवणारा कुणी नव्हता, आणि मेंढ्या हाकण्याच्या स्पर्धेत त्याच्याइतक्या वेळा हरणाराही कुणी नव्हता. घरच्या कुरणावर त्याची कुत्री पिप नुसत्या शिट्टीवर तीन मेंढ्या कुंपणात घालायची. स्पर्धेच्या मैदानात मात्र क्लेमच्या छातीत ढोल वाजायचे, ओठ सुकायचे, आणि शिट्टीच्या जागी फुसकी हवा निघायची. पिप वळून त्याच्या तोंडाकडे बघत बसायची, तोवर मेंढ्या प्रेक्षकांत शिरलेल्या असायच्या.

एकसष्टाव्या वर्षी दवाखान्यात ब्रॉन्विन नर्सनं त्याचं ब्लडप्रेशर दोनदा मोजलं आणि गाडीची किल्ली काढून घेतली. मग तिनं एक लहानशी डबी आणली. तिच्या वायरींचे पट्टे दोन बोटांना बांधायचे. मनावर ताण आला की बोटं नकळत घामेजतात, तसा डबीचा आवाज चढतो. माणूस निवला की उतरतो. आपला आवाज आपणच ऐकायचा आणि आपणच उतरवायला शिकायचं, एवढंच औषध.

क्लेमनं खुर्चीचे हात घट्ट धरले, दात आवळले आणि आवाज उतरवायचाच असा चंग बांधला. डबी किंचाळायला लागली.

"क्लेम, तुम्ही तिच्याशी कुस्ती खेळताय," ब्रॉन्विन म्हणाली.

"मग काय करू?"

"काहीच करू नका."

एवढ्या आयुष्यात हे काम त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

डबी महिनाभरासाठी घरी आली. रोज चहानंतर पाव तास तो ती लावून बसायचा आणि बायको, नोएलीन, समोर विणत असायची. नोएलीनचा भाऊ वॉल, ज्यानं स्पर्धेचा कप चार वेळा नेला होता, त्याचं नाव काढलं की डबी कोकलते, हे तिनं दुसऱ्याच दिवशी हेरलं. तिसऱ्या दिवशी तिनं सहज विचारलं, माझ्या आईची निळी बशी नऊ वर्षांपूर्वी कुणी फोडली होती?

"पिपच्या आईनं," क्लेम म्हणाला. डबीनं घर डोक्यावर घेतलं. नोएलीननं टाकाही न चुकवता मान डोलावली.

एका दुपारी तो कंटाळून पायाशी झोपलेल्या पिपकडे नुसता बघत बसला होता. तिच्या बरगड्या वर-खाली होत होत्या, आणि त्याचा श्वासही हळूहळू त्याच चालीनं चालू लागला. आवाज उतरत उतरत थांबला. बोटं चक्क उबदार लागली. "जमलं," असं त्याच्या तोंडून निघालं मात्र, डबी पुन्हा केकाटली. पण वाट सापडली होती.

मार्चमधल्या स्पर्धेत त्यानं मैदानात पाय ठेवण्याआधी पिपच्या बरगड्या वर-खाली होताना मोजून वीसदा बघितल्या. शिट्टी खणखणीत निघाली. तिसरी मेंढी आत गेली तेव्हा अकरा सेकंद शिल्लक होते. तरी वॉल दोन गुणांनी जिंकलाच. क्लेमनं जाऊन त्याचा हात हातात घेतला, तेव्हा याला बरं नाही की काय, असं वॉलनं बहिणीला हळूच विचारलं.

डबी परत करायच्या आदल्या दिवशी नोएलीननं गंमत म्हणून पट्टे आपल्या बोटांना बांधले. सगळं गाव तिला थंड डोक्याची बाई म्हणायचं. डबी अशी किंचाळली की पिप उठून अंगणात गेली.

क्लेमनं विचारलं, "कधीपासून हे?"

"लग्नापासून असेल. आरडाओरडा घरात एकानंच करायचा असतो ना."

तो तिच्याशेजारी येऊन बसला. काहीच करू नकोस, असं त्यानं तिला ब्रॉन्विनच्याच सुरात सांगितलं.

"आणि जेवण?"

"मी करीन."

डबीचा आवाज आणखी वर गेला.

चॉप्स करपले. नोएलीननं ते मुकाट्यानं खाल्ले आणि बटाटे बरे झालेत म्हणाली. दुसऱ्या दिवशी क्लेम दवाखान्यात गेला, डबी आणखी महिनाभर मागून घेतली, आणि कुणासाठी, तेही ब्रॉन्विनला न लाजता सांगितलं.