मी फक्त ड्रायव्हर

आमच्या ह्यांचा राग ही काय चीज आहे, ते चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईलाच विचारावं. लेकीने व्हँकूवरची इंजिनियरिंगची नोकरी सोडली, पार उत्तरेला हैदा ग्वायच्या बेटांवर जाऊन होड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाशी लग्न केलं आणि मग आम्हाला फोन केला. मी रडले, चिडले आणि आठवड्याभराने तिला फोन लावून तिथे भाजी काय मिळते ते विचारलं. ह्यांनी मात्र जाहीर केलं, "तिच्या दारात मी पाऊल ठेवणार नाही." दोन वर्षं तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. नात झाली, तरी नाही. ईमेलने तिचे फोटो आले की मी मुद्दाम स्क्रीनभर मोठे करून ठेवायची. मग हे चष्मा शोधायला माझ्या खुर्चीमागून तीन-तीनदा जायचे. चष्मा नाकावरच असायचा.

नातीची पहिली संक्रांत आली. तिचं बोरन्हाण मी करणारच होते. व्हँकूवरजवळच्या आमच्या सरे गावात, देशी दुकानात फ्रोजन बोरं मिळाली, चुरमुरे मिळाले. बेसमेंटमध्ये बसून मी हलव्याला काटा आणला आणि दागिने ओवले. हार, बाजूबंद, इवलासा मुकुट. प्रश्न एवढाच होता, की जानेवारीत तिथवर गाडी कोण नेणार? मला बर्फात हायवेवर चालवता येत नाही. मी बसची चौकशी करायला लागले, तेव्हा हे गुपचूप गॅरेजमध्ये जाऊन विंटर टायर बघून आले.

"सोडतो तुला. पण आत येणार नाही. मी फक्त ड्रायव्हर. तुझं होईपर्यंत मोटेलमध्ये राहीन."

"ड्रायव्हरला वाटेत चहा लागेल का?" मी विचारलं.

पहिला मुक्काम प्रिन्स जॉर्जला झाला. पुढे दिवसभराचा रस्ता, शेवटचा स्कीना नदीच्या काठाने. नदी अर्धी गोठलेली, आणि समोरून येणारे ट्रक काचेवर राड उडवत जायचे. हे ओठ आवळून चालवत होते. प्रिन्स रूपर्टला पोचलो तर वाऱ्यामुळे बेटांकडे जाणारी फेरीबोट कॅन्सल. मला वाटलं, आता हे गाडी माघारी वळवतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फेरीच्या रांगेत पहिली गाडी आमचीच होती.

गाडी खालच्या डेकवर लावून सगळ्यांनी वर जायचं असतं. मी पर्स घेऊन जिना चढले. हे मागून आले, ते जॅकेटच्या आत दागिन्यांचा डबा धरून.

"खाली ओल आहे. साखर विरघळेल," एवढंच म्हणाले.

समुद्रात बोट अशी काही हलली, की माझ्या पोटात अन्न म्हणून राहिलं नाही. मी बाकावर आडवी झाले. डोळे उघडावेत तर हे समोर हीटरजवळ बसलेले, डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरलेला. स्वतःही पांढरेफटक पडले होते, पण डबा सोडला नाही. हा माणूस नातीला बघायला निघालाय, हे मला तेव्हा कळलं. त्यांना कळलं होतं की नाही, देव जाणे.

तिकडे उतरून आणखी एक छोटी फेरी, मग समुद्राकाठचा रस्ता, आणि एकदाचं लेकीचं घर आलं. पाऊस आणि बर्फ एकदमच पडत होते. ह्यांनी गाडी दारासमोर थांबवली, पण इंजिन चालूच. पट्टाही सोडला नाही.

"उतर. मी निघतो."

मला रडूच फुटलं. एवढा जीव मुठीत धरून आलेला माणूस शेवटच्या चार पावलांवर अडून बसला होता. मी उतरले आणि दारातच लेकीला काय ते सांगितलं. ती विनवण्या करेल अशी आशा नव्हतीच. बापाचीच लेक ती.

"ओके," ती म्हणाली. "ही डझन्ट हॅव टु कम इन."

काळं झबलं घातलेल्या नातीला तिने ब्लँकेटमध्ये गुंडाळलं आणि तडक गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. मी दुसऱ्या बाजूने आत शिरले.

"बाबा, हीटर वाढवा. बोरन्हाण इथेच करू."

ह्यांनी मागे न बघता हीटर वाढवला.

दागिने चिकट झाले होते, हाराचे अर्धे दाणे एकमेकांना धरून बसले होते. मी तसेच घातले. नातीने बाजूबंद लगेच तोंडात घातला. चुरमुरे आणि बोरं मी भांड्यात ओतली, तर लेकीने ते भांडं माझ्या हातून घेऊन पुढे केलं.

"बाबा, आधी तुम्ही."

ह्यांनी पट्टा सोडला आणि वळले. मूठ भरून ओतली. चुरमुरे नातीच्या मुकुटावरून सीटवर, कप होल्डरमध्ये, माझ्या पर्समध्ये, सगळीकडे पसरले, आणि ती खदखदून हसली. बाहेर जावई छत्री धरून उभा होता. आत काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं, तरी तोही काचेतून हसत होता.

हे नातीकडे बघत राहिले. मग किल्ली फिरवून त्यांनी इंजिन बंद केलं.

"पोरीला गारठा बाधेल. आत चला," म्हणाले, आणि आमच्या आधी स्वतःच उतरले.