सांडोरच्या लिडियाची धिप्पाड कोळीण

लिडियाच्या कॉम्प्युटरची वायर माझ्या पायात आली आणि आठवडाभर चाललेला तिचा हिशेब जागच्या जागी गार झाला. मी ताबडतोब ओरडलो, "लाईट गेली!" दोन हजार पाच साली वसईत याहून भरवशाची थाप नव्हती. फक्त डोक्यावरचा पंखा फिरत होता. लिडियानं पंख्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि प्लग परत खोचला.

ही शेजारच्या बेटीबाईची मुलगी. केळीच्या वाडीतून उठून मुंबईला पीएच.डी. करायला गेलेली. परदेशात एका यंत्रात सोन्याचे अणुगर्भ एकमेकांवर आपटतात. त्यातून निमिषभर एक कढता रस होतो, विश्व जन्मलं तेव्हा होता तसा. त्याचे आकडे ही सांडोर गावी, घरी बसून चाळायची.

"सोनं आपटून फोडतात? मेल्यांनी मोडीत तरी घालावं!" इति बेटीबाई. गावातली थोर मंडळी, ज्यांची अक्कल दुबईच्या व्हिसापाशी संपते, विचारायची, "यात पर्मनंट कधी करतात?" मीही मागे राहिलो नाही. चर्चच्या मासिकात ठोकून दिलं, 'लिडियानं विश्वाचं कोडं सोडवलं!'

मला तिनं ते पाचूबंदरच्या मासळीच्या लिलावावरून समजावलं होतं. "गर्दीत पोरं अडकतात, त्यात काय नवल? पण टोपली घेतलेली धिप्पाड कोळीण अडखळली, की समजायचं गर्दी दाट आहे. पोरं म्हणजे हलके क्वार्क, अणूच्या पोटातले कण, आणि जड क्वार्क म्हणजे ती कोळीण. टक्कर होताक्षणीच जन्मते आणि अख्खा रस तुडवत बाहेर येते."

तर तिची कोळीण पोरांइतकीच अडखळत होती. हे तिच्या सरांना खपेना. "जड क्वार्क इतका अडखळूच शकत नाही. तुझंच चुकलंय. परिषदेत बोलायचं असेल तर सुधारून आण." सर पाचूबंदरला कधी गेले नसावेत. त्यांच्या मते थिअरी सोवळ्यात असते. पुराव्यानं आंघोळ करून परत यायचं.

म्हणून तो हिशेब पुन्हा पहिल्यापासून चालला होता, माझ्या पायापर्यंत. तिनं तो परत लावला. उत्तर तेच आलं, आणि तिनं ते तसंच सरांपुढे ठेवलं. सरांनी परिषदेला दुसरंच एक आज्ञाधारक बाळ धाडलं.

मी सांत्वनाला गेलो, वायर जपून ओलांडत. म्हटलं, "अगं, आकडा जरासा कमी दाखवायचा होतास. एवढासा तो क्वार्क, कोण बघायला येतंय?"

वाळवलेल्या केळ्याचं सुकेळं चघळत लिडिया म्हणाली, "थापा मारायला तुम्ही आहात ना, अंकल."