आखूड शेपटीचं पिल्लू

नाते गावच्या भातगिरणीवर एक म्हातारा असतो. त्याच्या मांजरांची शेपटी जन्मतःच बोटभर. घरात उंदीर झाले म्हणून मी पिल्लू मागायला गेलो. त्याने हाताचा कोंडा झटकला आणि एकेक पिल्लू मानेला धरून उचललं.

"पाय पोटाशी घेतलं तर शिकारी. लोंबकळलं तर आळशी."

एका राखाडी पिल्लाने पाय घट्ट आवळले. मी लगेच हात पुढे केला.

"घरात दिवसभर कोन असतं?"

"कुणी नाही. मी एकटाच, शाळेत शिकवतो."

त्याने पिल्लू आईपाशी ठेवलं. "ह्या जातीला मानसाची सोबत लागते. तुमाला नुसतं उंदीर मारायचं हायत. पिंजरा न्या," म्हणत त्याने स्वतःचा पिंजरा दिला.

उंदीर संपले. पिंजरा परत द्यायला मात्र मी निवृत्त झाल्यावरच जाणार आहे.