सेन्योरा बटाटा

"दार लोटू नको गो, उघडंच राहू दे."

काकूंच्या घरी गेलं की पहिलं वाक्य हे. सिंगापुरात बुकित बातोकमधल्या आमच्या ब्लॉकच्या सातव्या मजल्यावर लांबलचक कॉरिडॉर होता आणि त्यातली सगळी दारं दिवसभर बंद असायची. काकूंचं लाकडी दार तेवढं सकाळपासून सताड उघडं. बाहेरच्या जाळीच्या दाराला कुलूप, आणि जाळीच्या आत शिवणाचं मशीन मांडून काकू बसलेल्या. लिफ्टकडे जाणारी चिनी आजी, मलय शेजारीण, शाळेतून येणारी मुलं, सगळ्यांकडे बघून त्या मान हलवायच्या. कुणी उलट मान हलवायचं, कुणी नाही.

"कुणी गेलं-आलं की बरं वाटतं," त्या म्हणायच्या.

त्यांचे यजमान माझे साहेब. एका फंड कंपनीच्या हिशेब विभागात मी त्यांच्या हाताखाली होते आणि योगायोगाने राहायलाही त्यांच्याच मजल्यावर, एका मैत्रिणीबरोबर भाड्याने. त्यामुळे ऑफिसात मी त्यांना सर म्हणायची आणि लिफ्टमध्ये काका. काकू मूळच्या वेंगुर्ल्याच्या. सिंगापुरात येऊन पंधरा वर्षं झाली, तरी बोलण्यातला 'गो' गेला नव्हता. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि मी कधी विचारलं नाही.

काकांना दर एप्रिलमध्ये चार आठवडे लक्झेंबर्गला जावं लागे. काकूंना एकटं ठेवायला नको म्हणून ते त्यांना बरोबर न्यायचे. तिथे सकाळी आठला ते ऑफिसात जायचे आणि संध्याकाळी आठला परत यायचे. रविवारी थकून झोपायचे. काकू हॉटेलच्या खोलीत.

तुमच्याही ओळखीत अशा बायका असतील. पासपोर्ट शिक्क्यांनी भरलेला, आणि विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. एकदा गणपतीत आम्ही मराठी मंडळी जमलो होतो, तेव्हा कुणीतरी विचारलं, "काकू, तुम्ही तर दरवर्षी युरोपला जाता. काय काय पाहिलंत?"

काकूंनी थोडा विचार केला. "खोली चांगली असते. गरम पाणी चोवीस तास."

सगळे हसले. मीही हसले. काकांनी मात्र ताटातून मान वर केली नाही.

२००२ साली काकांच्या टीममध्ये माझा नंबर लागला. माझी पहिलीच युरोपवारी. स्टेशनजवळचं जुनं, अरुंद जिन्याचं हॉटेल, तिसऱ्या मजल्यावर माझी खोली आणि शेजारी काका-काकूंची. दुसऱ्याच आठवड्यात मला सणकून ताप भरला. काका ऑफिसला गेले आणि काकू मला हाताला धरून त्यांच्या खोलीत घेऊन आल्या. छोट्या कुकरमध्ये मऊ भात केला. हॉटेलात शिजवायला बंदी होती, म्हणून खिडकी उघडी. आणि खोलीचं दारही उघडं, खाली चप्पल अडकवून.

"काकू, बाहेर वास जाईल ना!"

"जाऊ दे गो. फातिमा यायची वेळ झाली."

थोड्या वेळाने कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीची चाकं वाजली आणि निळ्या एप्रनमधली एक ठेंगणी, भरल्या अंगाची बाई दारात आली. खोल्या साफ करणारी. नाव फातिमा आणि गळ्यात क्रॉस, याचं मला आश्चर्य वाटलं. काकूंना पहिल्या वर्षी वाटलं होतं, आता नव्हतं. ती पोर्तुगालची होती. तिथे हे नाव घरोघरी असतं म्हणे.

"बों दिया, सेन्योरा!" ती म्हणाली.

"ये बाई," काकू म्हणाल्या.

त्यानंतर मी जे पाहिलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. काकूंनी चादरीचं एक टोक धरलं, फातिमाने दुसरं. ती पोर्तुगीजमध्ये बोलत होती, काकू मराठीत. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं एकही वाक्य कळत नव्हतं, पण मधेच एखादा शब्द यायचा आणि दोघी थांबायच्या.

"साबण संपला गो."

"सबाँव?"

"साबण, साबण."

पहिल्या वर्षी याच शब्दावर दोघींची ओळख झाली होती, असं काकूंनी मला नंतर सांगितलं. काकू स्वतःशीच पुटपुटल्या आणि बाई साबणाची वडी घेऊन आली. काकू थक्क! मग त्यांनी एकेक वस्तू दाखवून बघायला सुरुवात केली. चावीला ती 'शाव्ह' म्हणायची, पावाला 'पाँव', बालदीला 'बाल्द'. वेंगुर्ल्याला काकूंची आई खिडकीला 'जनेल' म्हणायची. ही बाई म्हणाली 'जनेला'. आणि बटाट्याला तर बटाटाच! त्या दिवशी दोघी इतक्या हसल्या की खालून मुकादमीण बघायला आली.

"पोर्तुगीज लोक आपल्याकडे आले होते ना काकू, त्यांचेच शब्द हे," मी तापातही शहाणपणा सांगितला.

"असतील. पण आता आमचे आहेत."

फातिमाला एक मुलगी होती, आना. ती गावी आजीकडे असायची. फातिमाने एप्रनच्या खिशातून फोटो काढून मला दाखवला. पुढचे दोन दात पडलेली, हसणारी पोर, अंगात पिवळा फ्रॉक. तो फ्रॉक काकूंनी शिवलेला. दरवर्षी एक. सिंगापुरातल्या मशीनवर शिवायचा आणि एप्रिलमध्ये घेऊन यायचा.

त्या दिवशी पुढच्या वर्षीच्या फ्रॉकचं माप घ्यायचं होतं. काकूंनी मापाची टेप काढली. फातिमाने पोरीची उंची दाखवायला छातीशी हात धरला. मग हात जरा खाली आला. तिने डोळे मिटले. हात पुन्हा दोन बोटं वर गेला आणि हवेतच थांबला. ती आनाला ऑगस्टमध्ये भेटायची, वर्षातून एकदा. मधल्या आठ महिन्यांत पोर किती वाढली, हे तिला ठाऊक नव्हतं.

काकूंनी तिचा हात धरला, आणखी दोन बोटं वर नेला आणि तिथून जमिनीपर्यंत टेप सोडली.

"पोरी भराभर वाढतात," त्या मला म्हणाल्या. "असू दे थोडा मोठा."

सगळं मिळून वीस मिनिटं. मग फातिमा ट्रॉली घेऊन पुढच्या खोलीकडे गेली. काकूंनी चप्पल काढून दार बंद केलं आणि माझ्या कपाळावर हात ठेवला. "उतरला बघ ताप," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी बुकित बातोकमध्ये कधी पाहिला नव्हता.

पुढच्या वर्षी सार्सची साथ आली. सिंगापुरात माणसं मास्क लावून फिरायला लागली, ऑफिसच्या दारात ताप मोजायला लागले आणि कंपनीने सगळे प्रवास बंद केले. हिरव्या कापडाचा फ्रॉक शिवून तयार होता. गळ्याशी पांढरी फीत, पाठीला बटणं.

"पुढच्या वर्षी नेऊ," काका म्हणाले.

पुढच्या वर्षी तिथलं काम फोनवर आणि कॉम्प्युटरवरच व्हायला लागलं. काकांना हायसं वाटलं. बायकोला एका खोलीत महिना महिना कोंडून ठेवतो, याचा त्यांच्या मनावर भार होता. हे त्यांनीच मला एकदा कँटीनमध्ये सांगितलं. काकू तिथे किती आनंदात असतात, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. साहेबांना कसं सांगायचं, म्हणून गप्प बसले.

काकूंनी हॉटेलच्या पत्त्यावर एक कार्ड मात्र पाठवलं होतं. मजकूर माझ्याकडून इंग्रजीत लिहून घेतला, खाली मराठीत स्वतःची सही केली. उत्तर आलं नाही.

त्या एप्रिलमध्ये मी त्यांच्याकडे गेले, तर हिरव्या फ्रॉकची खालची घडी उसवून त्या त्याला एक पट्टी जोडत होत्या.

"नववं संपत आलं असेल तिचं," मशीन थांबवून त्या म्हणाल्या. "दहाव्यात जाईल."

त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये दुसरी पट्टी लागली आणि कंबरही सैल झाली.

"काकू, त्यापेक्षा नवीनच शिवा ना!"

"हिरवा रंग तिला आवडतो, असं फातिमाने सांगितलं होतं. हे कापड तिच्या नावाचं आहे." मग जाळीबाहेर बघत म्हणाल्या, "तिला वाटत असेल, ही बाई सांगून गेली आणि आली नाही."

२००६ मध्ये काका निवृत्त झाले आणि त्यांनी काकूंना न विचारता युरोपच्या टूरची दोन तिकिटं काढली. मराठी ग्रुप, मराठी जेवण, बारा दिवस. "आता हिला खरा युरोप दाखवतो," ते सगळ्यांना सांगत होते. काकूंनी कागद हातात घेऊन शहरांची नावं वाचली. एका दिवशी लक्झेंबर्गला दुपारच्या जेवणाचा थांबा होता. तिसरी पट्टी त्या रात्रीच लागली असावी.

परतल्यावर मी त्यांच्याकडे गेले. काकांनी लॅपटॉपवर फोटो दाखवले. मनोरा, कालवे, बर्फ. प्रत्येक फोटोत काकू साडीवर स्वेटर घालून, उन्हात डोळे बारीक करून उभ्या.

"आणि लक्झेंबर्ग?" मी विचारलं.

काकांनी लॅपटॉप मिटला. "हिलाच विचार. सबंध बस खोळंबली हिच्यापायी. मी पोलिसांत जायच्या बेतात होतो." आवाज चढला होता, पण त्यात राग कमी होता. ते उठून चहा ठेवायला गेले. ते चहा ठेवतात, हेही मी पहिल्यांदाच पाहिलं.

काकू मला जवळ बसवून सांगायला लागल्या. जेवणाचं हॉटेल स्टेशनच्या बाजूलाच होतं. त्या हात धुवायला म्हणून उठल्या आणि पिशवी घेऊन निघाल्या. सिंगापुरातही एकट्या एमआरटीच्या गाडीत न बसणारी ही बाई, तिथे दोनदा रस्ता चुकून, तिसऱ्यांदा बरोबर दारात पोचली.

"काउंटरवर नवा मुलगा. मी म्हटलं, फातिमा. त्याला कळेना. मला इंग्रजी कुठे धड येतं? मग मी आपले मला येत होते ते शब्द म्हटले. चावी, साबण, बालदी, जनेल. तो आत गेला आणि साबण घेऊन आला."

आम्ही दोघी हसलो. काकूंनी पदराने डोळे टिपले.

"तेवढ्यात एक म्हातारी बाई ट्रॉली घेऊन लिफ्टमधून बाहेर आली. तिने ऐकलं असावं. माझ्याकडे बघतच राहिली आणि म्हणाली, सेन्योरा बटाटा?"

"काय?"

"तिथे माझं नाव बटाटा होतं गो! तो मुलगा तिचं बोलणं मोडक्या इंग्रजीत मला सांगत होता, थोडं थोडं कळलं. फातिमा सगळ्यांना सांगायची म्हणे, माझ्या त्या बटाटावाल्या बाई यायच्या आहेत, या महिन्यात येतील." काकू थांबल्या. "दोन वर्षं सांगत होती."

फातिमा मात्र तिथे नव्हती. ती कायमची गावी गेली होती. "काझा, काझा, म्हणाली ती म्हातारी. काझा म्हणजे घर. तेवढं मला फातिमानेच शिकवलेलं. मी विचारलं, आना? तर तिने हात वर करून दाखवला. इथे." काकूंनी बसल्या जागेवरून उठून हात स्वतःच्या डोक्यापर्यंत नेला. "माझ्याएवढी झाली."

"मग फ्रॉक?"

"दिला त्या म्हातारीकडे. ती फातिमाच्याच गावची. गावी जाईल तेव्हा नेईल."

"पण आता तो तिला होणार नाही ना काकू."

"नाही होणार," काकू म्हणाल्या. "पण मी आले होते, हे कळेल."

स्वयंपाकघरातून काका तीन कप घेऊन आले. चहा फार गोड झाला होता. काकू सगळा प्यायल्या.

दोन वर्षांनी फ्लॅट विकून ती दोघं वेंगुर्ल्याला गेली. शिवणाचं मशीन तिसऱ्या मजल्यावरच्या तमिळ बाईला दिलं. सुरुवातीला फोन व्हायचे. तिकडे दिवसभर घरात कुणी ना कुणी असतं, गप्पा संपत नाहीत, असं काकू सांगायच्या. मग माझी नोकरी बदलली, प्रवास वाढले आणि फोन कमी झाले. आज करू, उद्या करू.

२००९ च्या पावसाळ्यात मी कामासाठी झुरिकला होते. सकाळी खोलीत कागद आवरत असताना काकांचा फोन आला. ते 'हॅलो' म्हणाले आणि तुटक तुटक सांगायला लागले. काकूंना चार दिवस ताप होता. साधाच वाटला होता.

फोन ठेवून मी पलंगाच्या कडेला बसले. किती वेळ, ते माहीत नाही. दारावर टकटक झाली, मी उत्तर दिलं नाही, आणि खोली साफ करणारी बाई किल्लीने दार उघडून आत आली. मला बघून ती दारातच थबकली, जायला वळली, मग वळता वळता थांबली. तिने काहीतरी विचारलं. कुठली भाषा होती, कोण जाणे.

मी म्हणाले, "आमच्या काकू गेल्या."

तिने हातातले टॉवेल टेबलावर ठेवले, खिडकीजवळची खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली.