मीटरातलं कुंकू

गोवा घटक राज्य झालं त्याच सुमारास मला डिचोली तालुक्यातल्या एका छोट्या वीजकचेरीत टायपिस्टची नोकरी लागली. मी मूळची पेडण्याची. शाळा सगळी मराठीतून, इंग्रजी पाचवीपासून आणि तेही पाठ करून झालेलं. बाहेर तेव्हा कोकणी की मराठी यावरून रान पेटलं होतं. आमच्या शेजारचे दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या सभेला जात नव्हते. कचेरीत मात्र या दोन्ही भाषांना टेबलावर जागा नव्हती. गप्पा कोकणीतून, भांडण मराठीतून आणि कागद इंग्रजीतून, असा आमचा शिरस्ता होता.

माझं काम सोपं होतं. मीटर वाचणारा माणूस गावोगाव फिरून यायचा, कुठे काय दिसलं ते मला सांगायचा आणि मी त्याचा इंग्रजी अहवाल करायची. हा माणूस कोल्हापूरकडचा, कामाला चोख, पण इंग्रजीच्या वाटेला न जाणारा. तो सांगेल ते मी माझ्या इंग्रजीत बसवायचं आणि साहेबांनी खाली सही करायची, असं चाललं होतं. माझ्या इंग्रजीचा मला भारी तोरा होता. तो कशाच्या जोरावर होता हे आज मला सांगता येणार नाही.

टॅम्परिंग हा शब्द मला एका जुन्या फाइलीत सापडला आणि मी त्याच्या प्रेमातच पडले. शब्दकोशात त्याच्यापुढे ‘ढवळाढवळ’ दिलं होतं. ढवळाढवळ तर मी जिच्याकडे राहायची ती मावशी रोज माझ्या स्वयंपाकात करायची. म्हणजे शब्द तसा निरुपद्रवी, असं मी धरून चालले. मग उंदराने वायर कुरतडली की टॅम्परिंग, गांधीलमाश्यांनी मीटरच्या पेटीत घर केलं की टॅम्परिंग. गांधीलमाश्यांवर साहेबांनी हसून काट मारली. ते हसणं मी कौतुकात जमा केलं.

दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. मयेच्या बाजूच्या एका वाड्यावरून फिरून आलेला आमचा माणूस म्हणाला, “बाई, एका घरात शील तुटलंय. बॅटरी मारून बघितलं, तर आत लाल कायतरी फासलंय. काय हाय ते मला सांगता येत न्हाय.”

मीटरच्या झाकणाला तारेत ओवलेलं शिशाचं सील असतं. ते खात्याच्या माणसाखेरीज कोणी तोडायचं नसतं. मी झोकात टाइप केलं: सील तुटलेलं, आत परका पदार्थ लावलेला, मीटर टॅम्पर केलेला. पहिली दोन वाक्यं त्या माणसाची होती. तिसरं माझं होतं. साहेब त्या दिवशी पणजीला जायच्या घाईत होते, त्यांनी सही केली. चौथ्या दिवशी भर सकाळी लाइनमन शिडी घेऊन गेला आणि सगळा वाडा बघत असताना माझ्याच शब्दांतली इंग्रजी नोटीस देऊन त्या घराची वीज तोडून आला.

दुसऱ्या दिवशी घरधनी आला. सत्तरीचा शेतकरी, धुतलेला सदरा, पायांत चपला नाहीत. हातातली नोटीस त्याने माझ्या टेबलावर अलगद ठेवली.

“बाय, ह्या कागदार कितें बरयलां तें वाचून सांग गो.”

मी वाचून सांगितलं. चोरीसाठी मीटरात हात घातला असा त्याचा अर्थ होतो, हेही सांगितलं. सांगता सांगताच मला पहिल्यांदा कळलं की माझ्या शब्दाचा अर्थ असा होतो.

“हात घातलो हें खरें,” तो म्हणाला. “चोरलें कितें?”

मग त्याने शांतपणे सगळं सांगितलं. दसऱ्याला ते कोयत्याला, पिकासाला, नांगराला फूल आणि कुंकू लावतात. घरात वीज आली त्या वर्षापासून तो मीटरालाही लावत होता, पण बाहेरून. यंदा त्याला वाटलं, राबणारं जे आहे ते आत आहे, आणि आपण नुसत्या पत्र्याला कुंकू लावतो. “बटण बंद केलें आनी झांकण काडलें. तार गंजिल्ली, ओडटनाच तुटली. तें शील म्हण म्हाका खबर ना.”

“शॉक लागला असता म्हणजे?” मी ओरडले. माझी चूक झाकायला मला ओरडणंच सोपं होतं.

त्याने नोटिशीची घडी घातली. मग म्हणाला, “बाय, लायट ना जाल्यार चलता. पूण देवळाच्यो चावयो काल समितीन घेतल्यो.”

गावच्या देवळात पालखी आणि देवाचे दागिने ठेवायची एक खोली होती. तिच्या किल्ल्या याच्या वडिलांकडे होत्या, त्यांच्यामागे याच्याकडे. मीटरचोराकडे देवाच्या किल्ल्या कशा ठेवायच्या, असं समितीत कोणीतरी म्हटलं आणि याने स्वतःच कनवटीच्या काढून पुढे ठेवल्या. त्याला त्या परत हव्या होत्या. दुसरं काही तो मागत नव्हता.

तो गेला. साहेब जेवायला गेले होते. मी फाइल उघडली. नुसतं ते तिसरं वाक्य गाळून पान नव्याने टाइप करावं, साहेबांच्या सह्यांच्या गठ्ठ्यात सरकवावं आणि जुनं पान फाडून टाकावं, असं मनात आलं. मनात आलं कसलं, मी फाइलीची दोरी सोडून पान बाहेर काढलंही होतं. यंत्रात कोरा कागद चढवला आणि हात थांबला. माझ्या अधिकारातला नसलेला कागद मी कोणी बघत नाही असं पाहून बदलत होते. ज्या गोष्टीचा आळ मी त्या म्हाताऱ्यावर घेतला होता ती मी करत होते, आणि माझ्या हातात कुंकूही नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तशीच बसून राहिले. साहेब आले तेव्हा पान टेबलावरच होतं.

मी त्यांना सगळं सांगितलं, पान काढल्याचंही. साहेब मडगावचे, आवाज कधी न चढवणारे. ते म्हणाले, “शील तुटिल्लें दिसलें, तें बरय. भितर तांबडें दिसलें, तें बरय. कोणें आनी कित्याक केलें, तें दिसलें तुका?”

“नाही. कोणी केलं, का केलं, काहीच नाही.”

“मागीर?” ते थांबले. “हें पान तूं बदललें आसतें जाल्यार तुज्या फायलीर हांवें तोच टॅम्परिंग शब्द बरयलो आसतो. आनी तो बरोबर आसतो.”

मला मेमो मिळाला. तो मिळायलाच हवा होता. साहेब स्वतः जाऊन मीटर बघून आले, चाक बरोबर फिरत होतं. वीज जोडली गेली आणि त्या घराला नवं पत्र गेलं. ते मीच टाइप केलं: तपासणीत टॅम्परिंग आढळलं नाही, आधीची नोटीस रद्द. मी सुटकेचा श्वास टाकला.

आठवडाभराने म्हातारा पुन्हा माझ्या टेबलाशी उभा. देवळात पत्र वाचायला कॉलेजात गेलेला एकजण पुढे झाला होता. त्याने अडखळत वाचलं. बाकीच्यांना त्या सगळ्या इंग्रजीत एकच ओळखीचा शब्द ऐकू आला, पहिल्या नोटिशीतला.

“परत तेंच बरयलां म्हणटात,” तो म्हणाला. “तूं येशी? आमच्या भाशेन सांग.”

रविवारी मी बसने गेले. आरतीनंतर मंडपात वीस-पंचवीस माणसं थांबली होती. मी उभी राहिले आणि आमच्या पेडण्याच्या बोलीत सांगितलं, “ह्यांणी कांयच चोरूंक ना. फूल घालपाक झांकण काडलां. चोर म्हण बरयलें तें हांवें. म्हाका खबर नासतना बरयलें. चूक म्हजी.”

समितीचे अध्यक्ष आत गेले, किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले आणि त्याच्यापुढे धरला. म्हाताऱ्याने हात पुढे केला, जुडग्याला लावला, तोच हात कपाळाला लावला आणि मागे घेतला.

“आतां दुसऱ्याक दियात,” तो म्हणाला. “कुलूप काडटना फाटल्यान कोण पळयता काय, असें म्हाका दिसत रावतलें.”

पाठीमागून कोणी बघणार नाही, असं सांगत अध्यक्षांनी खूप आग्रह केला. मीही केला. तो हसला, माझ्यावर राग नाही म्हणाला आणि मला जेवायला घरी घेऊन गेला. त्याच्या बायकोने कुळथाची कढी वाढली.

निवृत्त होईपर्यंत तो शब्द मी दोनदा लिहिला. दोन्ही वेळा आधी ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्या घरी जाऊन, त्याच्यासमोर बसून, त्याचं सगळं ऐकून आले होते. साहेब लोक बदलत गेले. एवढ्याशा शब्दासाठी ही बाई गावात कशाला जाते, हे त्यांतल्या कोणाला कळलं नाही, आणि मी कोणाला सांगितलं नाही.