भगुन्यातला डोंगर

माझ्या बद्रीदादाचा पिशवीवरच्या छापावर विश्वास नाही. सोयाबीनचं बी कितीही नामी असो, मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून मोड आलेले बघितल्याशिवाय तो पेरत नाही. बियाण्याचं ठीक आहे, पण दादा माणसांनाही गोणपाटात घालतो. मला बघायला पाहुणे आले, तेव्हा त्याने नवरदेवाला चहाआधीच रानातून फिरवून आणलं. का, तर "चालतो कसा ते बघू." बिचारे पांढऱ्या पँटीला चिखल लावून परतले आणि पास झाले. अजूनही सासुरवाडीला, पिंपळगाव रेणुकाईला यायचं म्हटलं की आमचे हे जुनी पँट काढतात.

या दादाची लेक अर्पिता गोव्याला एका संस्थेत समुद्राचा अभ्यास करते. दिवाळीला घरी आली ती बातमी घेऊनच: दीड महिना संशोधनाच्या जहाजावर जायची संधी. तिच्या मॅडमना भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. भाऊबीजेला मीही जालन्याहून आले होते.

दादा "न्हाई" म्हणाला. खरं कारण मला ठाऊक होतं. लहानपणी तो विहिरीत पडला होता, तेव्हापासून पुलावर जीप चढली की डोळे मिटून घेतो. पण तसं कबूल करील तर तो दादा कसला!

"समुद्राच्या तळाला डोंगर हैत म्हणती," तो मला सांगू लागला. "असतील! पण डोंगर पडलाय कोसभर खाली, पाणी चाललंय वरून. याला त्याचा काय पत्ता?"

"त्याच्यामुळंच तर भोवरे होतात, बाबा," अर्पिता म्हणाली. "पृथ्वी फिरते ना, म्हणून पाणी डोंगराच्या डोक्यावरून सरळ जात नाही. वळसा घालतं. कधीकधी तर पार वरपर्यंत."

"मंग उगवून दाखव."

पोरगी त्याचीच. उठली ती थेट भिवा कुंभाराकडे. आम्ही सगळे मागे. भिवाचं चाक आता विजेवर चालतं, पाहिजे तितकं हळू फिरतं. त्यावर नंदावहिनीचं भाताचं मोठं भगुनं मधोमध बसवलं, पाणी ओतलं. आता डोंगर कशाचा करायचा?

"आपल्या रानातल्या मातीचा," दादा म्हणाला. "बिलकुल असली!"

काळ्या मातीचं ढेकूळ पाण्यात पडलं आणि बघता बघता भगुन्याचा चहा झाला. ज्याचा जन्म काळ्या रानात गेला त्याला एवढं कळू नये? मी इतकी हसले की भिवाच्या बायकोने मला प्यायला पाणी आणून दिलं.

वहिनी घरी गेली आणि स्टीलची वाटी अन् कणकेचा गोळा घेऊन आली. वाटी उपडी करून तिने तळाला, जरा एका बाजूला, कणकेने चिकटवली. वाटी बुडून वर दोन बोटं राहील एवढं नवं पाणी घातलं. चाक सुरू झालं.

"आता थांबायचं," अर्पिता म्हणाली. "पाणी भगुन्याच्या चालीनं फिरायला लागलं पाहिजे."

दादा दोनदा "जल्दी कर" म्हणाला.

"अहो, गोणपाटापाशी कसे दम धरून बसता?" वहिनी म्हणाली. तो उकिडवा बसला.

मग पाणी वाटीवरून वाहावं म्हणून अर्पिताने चाक किंचित हळू केलं आणि निळीचे दोन थेंब सोडले. एक मोकळ्या पाण्यात, दुसरा वाटीच्या बरोबर वर. मोकळ्या पाण्यातला सरकत सरकत वाटीपाशी आला आणि तिला वळसा घालून पुढे निघून गेला. दुसऱ्याने मात्र वाटीचं डोकं सोडलं नाही. भगुनं फिरत होतं, वाटी फिरत होती, आणि पाण्याच्या वरच्या अंगाला तो निळा ठिपका तिच्यासोबत, स्वतःभोवती गिरकी घेत. आम्ही सगळे एकदमच ओरडलो.

दादा ओरडला नाही. पाण्यापासून हातभर लांब राहणारा माझा भाऊ नाक भिजेल इतका वाकला होता.

"सोडून न्हाई राह्यला," तो पुटपुटला. "खालचा डोंगर धरून ठेवतो व्हय त्याला?"

"हो बाबा. हातही न लावता."

त्याने ठिपक्याचे आणखी पाच फेरे मोजले. मग म्हणाला, "जहाज मजबूत हाय ना?"

"आहे."

"मंग जा. सांगून टाक त्या मॅडमला."

अर्पिता त्याच्या गळ्यातच पडली. मला तर रडू की हसू कळेना, म्हणून दोन्ही केलं.

ती निघाली त्या दिवशी मी मुद्दाम पुन्हा आले. वहिनीने लेकीची ओटी भरली. तेवढ्यात दादाने आणखी एक नारळ पुढे केला.

"हा समुद्राला?" अर्पिताने विचारलं.

"समुद्राला न्हाई. त्या खालच्या डोंगराची ओटी."

"दादा, डोंगराची ओटी कुणी भरतं का?" मी म्हणाले.

"मी भरून राह्यलो ना!"

"पण बाबा, नारळ खाली पोचणारच नाही. वरच तरंगेल."

"तरंगू दे," दादा म्हणाला. "डोंगर हाय ना खाली. त्यो न्हाई जाऊ देत."

जीपवाला केव्हाचा हॉर्न वाजवत होता, तरी लेकीची बॅग काही दादाच्या हातून सुटत नव्हती.