नानांचे तळवे

चाळीस वर्षं लोकांच्या पायांत चपला-बूट चढवणारा माणूस स्वतः अनवाणी पळताना दिसला, तेव्हा मला आधी वाटलं, दुकान बुडालेलं दिसतंय. तसं काही नव्हतं. नारायण पेठेतलं दुकान मुलाच्या हाती सोपवून नाना मोकळे झाले होते आणि रोज सकाळी साडेपाचला, अर्धी चड्डी आणि वर कडक इस्त्रीचा शर्ट अशा अवतारात, सदाशिव पेठेतून सारसबागेकडे अनवाणी पळत सुटत. कुणी छेडलंच तर म्हणत, "हलवायाला कधी पेढे खाताना पाहिलंय?"

पळण्यापेक्षा त्यांचा दम खुलासे करण्यातच जास्त जाई. इस्त्रीच्या शर्टातला सत्तरीचा गृहस्थ अनवाणी दिसला की पुणेकराला एकच शंका येते: देवळाबाहेरून चप्पल गेली! "कुठल्या देवळातून गेली हो?" असं विचारणारे रोज दोघे-तिघे भेटत. एका सज्जनांनी तर घरात जाऊन स्वतःच्या जुन्या सपाता आणून दिल्या. नानांनी त्या उलट्या करून पाहिल्या. "शिलाई चांगली आहे. पण उजवी टाच फार झिजवलीय तुम्ही. कंबर दुखते का?" असं विचारून परत केल्या. कंबर खरंच दुखत होती. एका आजींनी "नवस फेडताय का?" म्हणून हात जोडले, तर म्हणाले, "नाही हो, नवस बोलायची वेळ येऊ नये म्हणून पळतोय."

आमची ओळख माझ्या बुटांमुळे झाली. पोपटी रंगाचे, गुबगुबीत तळाचे, महागडे बूट. टाच दुखते म्हणून घेतलेले, आणि तरी टाच दुखतच होती. मी मागून येत होते. नाना वळूनही न बघता म्हणाले, "बाई, पळताय की भिंत पाडताय?" मी तणतणले. बुटांची किंमतही सांगितली. ते शांतपणे म्हणाले, "गादीवर उडी मारताना कुणी जपून मारतं का? गादी काढा, पाऊल आपोआप जपून पडेल."

त्यांनी पहिल्या दिवशी अनवाणी पाचच मिनिटं पळायला सांगितलं होतं. मी अर्धा तास पळाले. पुढचे चार दिवस जिना बसून उतरले. "वीस वर्षं रजेवर असलेल्या पोटऱ्या," नाना म्हणाले, "आल्या दिवशीच ओव्हरटाइम? तुमच्या आयटीत चालत असेल." मग मात्र मी त्यांचं ऐकलं. छोटी पावलं, गुडघा किंचित वाकलेला, टाच आपटायची नाही. सहा महिन्यांत माझी टाचदुखी थांबली. सगळ्यांची थांबेल असं ते कधीच म्हणाले नाहीत. जन्मभर दुकानदारी करूनही या बाबतीत त्यांनी कुणाला गॅरंटी दिली नाही. एव्हाना 'बाई'ची मी 'अगं' झाले होते.

एका सकाळी मी त्यांच्या मागून पळत होते. फुटपाथच्या फरशांवर लाल ठिपके दिसले. आधी कुंकू वाटलं. मग लक्षात आलं, ठिपके नानांच्या प्रत्येक उजव्या पावलाखाली उमटत होते.

"नाना, थांबा!"

त्यांनी तळवा वर करून पाहिला. नखाएवढी बाटलीची काच आत रुतली होती.

"तुम्हाला कळलं नाही?"

नाना कठड्यावर बसले. त्यांना बारा वर्षांपासून साखर आहे, हे मला ठाऊक होतं. "वर्षभर बोटं झोपल्यासारखी वाटतात गं," ते हळूच म्हणाले. "घरी बोलू नकोस. पळणं बंद करतील."

मी बोलले. त्याच दिवशी त्यांच्या घरी जाऊन काकूंना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी बजावलं की अनवाणी घरातसुद्धा चालायचं नाही. पुढची जखम अशीच कळली नाही, तर पाऊल जाईल. नाना तीन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. रस्त्यात समोरून आले तर दुकानांच्या पाट्या वाचायला लागत. मला फार लागलं ते. पण त्या पाट्या ते स्वतःच्या दोन पायांवर उभं राहून वाचत होते, म्हणून मी गप्प बसले.

चौथ्या आठवड्यात ते कोपऱ्यावर उभे दिसले. पायांत जाड, मऊ, काळे बूट.

"हसू नकोस," ते म्हणाले. मी हसत नव्हते.

"मी चालतो मागून. तू पळ, आणि परत येऊन सांग."

"काय सांगू?"

"रस्ता कसा आहे ते."

तेव्हापासून मी रोज सांगत आले. चहावाल्याने पाणी मारलंय, तिथे गार आहे. दवाखान्यापुढचं नवं डांबर टोचतंय. बुचाची फुलं पडलीत, घसरायला होतं. पुढे मुलाने कोथरूडला घर घेतलं आणि नाना तिकडे गेले. निघताना त्यांनी माझा नंबर कागदावर लिहून घेतला, मोबाइलवर त्यांचा विश्वास नव्हता. आता सकाळी सातला फोन वाजतो.

परवा मला मीटिंग होती. घाईत मी म्हणाले, "रस्ता छान आहे, नाना."

पलीकडून तोच कोरडा आवाज आला, "छान म्हणजे काय? नीट सांग. ते आता तुझ्या एकटीचे पाय नाहीत."

मी मीटिंगला उशिरा गेले.